वंशावळीतला ७.२

३ फेब्रु., सोमवार
कोरेगावहून काकांची फाइल आली. तीन भागांत, तिसरा भाग दोनदा. घराण्याची वंशावळ, आठ पिढ्या. मोबाइलवर उघडेल असं पुस्तक करून हवंय, गावच्या यात्रेआधी. "तुजं रोजचंच काम हाय की गं." आहेच. पण सांगलीत बसून ज्या प्रकाशकांच्या फायली करते, ते निदान शीर्षकं शीर्षकासारखी लावतात. आमच्या सुभेदारसाहेबांनी (काका फौजेतून निवृत्त, तरी साहेबच) पिढ्या स्पेसबार दाबून दाखवल्यात. पिढी जितकी खाली, तितकी ओळ आत. कॉम्प्युटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी सगळे एकाच बापाचे.

५ फेब्रु.
टॅग लावत बसले. बापाच्या नोंदीच्या पोटात मुलाची नोंद, तिच्या पोटात नातवाची. नावावर बोट ठेवलं की पुढची पिढी उघडते. दुपारपर्यंत चार पिढ्या. मान गेली.
मूळ मजकूर हेळव्याच्या चोपडीतला. तो दोन-तीन वर्षांनी येतो, दारात बसून पिढ्या वाचतो, नवी नावं चढवतो, धान्य घेऊन जातो. काकांनी त्याला समोर बसवून सगळं उतरवून घेतलं. दहा वेळा तरी चहा पाजला असणार.
जवळजवळ प्रत्येक बापाखाली एक ओळ. "कन्या २." "कन्या ४." नाव नाही. नुसत्या आकड्याला नोंद कुठली करणार?
नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खाली: महेश. कन्या १.
ती एक म्हणजे मी. राग आला. भयंकर. लॅपटॉप मिटून भांडी घासली. भांड्यांची काही चूक नव्हती.

६ फेब्रु.
काकांना फोन. मुलींची नावं?
"हेळव्याच्या चोपडीत न्हाईत, तर आपन कुठनं आनायची?"
सुलाआत्याला विचारते, म्हटलं.
"आगं, तसं नगं. उद्या कुनी म्हनंल, पुस्तकात नाव हाय, मग सातबाऱ्यावर का न्हाई? भावकी खवळंल."
म्हणजे भीती जमिनीची. मग तसं सरळ म्हणा की. हे मी बोलले नाही. नुसतं "बघते" म्हणाले. भित्री मी पण.

९ फेब्रु., रविवार. कोरेगाव
मळ्यातल्या घरी, आत्याकडे. काकांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात परत आली ती माहेरचीच झाली. नाना आणि काका दोघंही फौजेत, ऊस हिनंच बघितला.
ती शेंगा फोडत बसली, मी टाइप करत. पाच पिढ्यांच्या मुली तोंडपाठ! "हौसा इस्लामपूरला दिली. तानू आटपाडीला, पान्यापायी लय हाल झालं तिचं." एक नाव आठवेना, तर जेवणात लक्ष नाही. "थांब, जिबंवर हाय." चार वाजता आठवलं. चंद्रा.
निघताना हळूच, "आन मला कुटं घालनार गं?"
नानांच्या नि काकांच्या मधे. जन्माच्या क्रमानं.
तिनं शेंगांची पिशवी हातात दिली.

११ फेब्रु.
मुलींच्या नोंदी झाल्या. जुन्या पिढ्यांतल्या काही आत्यालाही ठाऊक नाहीत, तिथं "कन्या, नाव माहीत नाही" असं लिहिलं, पण प्रत्येकीला स्वतंत्र नोंद. क्रमांक फाइल आपोआप टाकते. आजोबांची शाखा सातवी, म्हणून ते ७. नाना ७.१, आत्या ७.२, काका ७.३.
माझ्या नावावर बोट ठेवलं, माझी लेक रेवा उघडली. चारदा उघडून मिटली. खूप बरं वाटलं.
काकांना पाठवली.

१२ फेब्रु.
सकाळी सातला काकांचा फोन. भावकी नाही, सातबारा नाही.
"माजा नंबर बदललास?"
काका, आत्या थोरली आहे.
"हेळवी येतो तवा दोन नंबरला माजं नाव वाचतो. जलमभर ऐकलंय म्या."
मग म्हणाले, लिहून घे. "भाऊ फौजेत असताना जमीन हिनं राखली." ही ओळ तिच्या नावाखाली घाल. "बाकीच्या पोरीबी ऱ्हाऊ देत. भावकीचं मी बघतो. पन दोन नंबर माजा."
क्रमांक हातानं टाकायचे, पाच मिनिटांचं काम. नाव आलं, ओळ आली, आता आकड्यासाठी कशाला ताणायचं, असंही वाटतंय. पण थोरल्या बहिणीला धाकटी कशी करू?

१३ फेब्रु.
आत्याला फोनवर सगळं सांगितलं. काकांची ओळ वाचून दाखवली. परत वाचायला लावली. मग नंबराचं सांगितलं. तू म्हणशील तसं करते, म्हटलं.
"यात्रा कवा हाय?"
रविवारी.
"त्याला म्हनावं, तुला पाठकुळी घिऊन साळंत सोडत हुते मी. तवा दोन नंबर कोन हुतं, ते तूच सांग."
शब्दाला शब्द लिहून काकांना पाठवलं. निळ्या खुणा आल्या. ७.२ वर अजून आत्याच. फाइल बंद केलेली नाही.