लहानपणी मागितलेल्या खस्ता

आये, सूरजचं दुबईहून तुज्या पायावर डोकं.

मी बरा हाय. भट्टीवर हात भाजला हुता, आता सुकलाय. गुडघा दावायला फलटणला गेलीस, का शेरडांमागंच फिरतीस अजून?

इथं बेकरीत लखनौचा गडी खुसखुशीत बिस्किटाला ‘खस्ता’ म्हणतो. इराणी उस्ताद ‘खस्ता’ म्हणाला, की समजायचं दमला. दोघांची रोज हुज्जत. मला तुजी आठवण येती.

“तुज्यापायी लय खस्ता खाल्ल्या,” तू म्हणायचीस. मला वाटायचं, खाऊच हाय. “मला बी दे,” म्हणून रडलो, तर तू शेरडं सोडून हसत बसली हुतीस.

सुटताना उस्ताद म्हणतो, “खस्ता नबाशीद.” म्हंजी, दमू नगंस.

आये, तू आता दमू नगंस. मागितल्या हुत्या, त्या मला इथं मिळाल्यात.

तुजाच,
सूरज