उपाशी टाकी

४ एप्रिल
आलो बुवा एकदाचे! फळांच्या रसाचा कारखाना, मागे सांडपाण्याची घुमटासारखी टाकी आणि तिला खेटून आमच्या दोन खोल्या. साली, गर, धुण्याचं पाणी टाकीत सोडायचं. आत ते कुजून गॅस होतो, त्यावर कारखान्याचा बॉयलर चालतो आणि आमची शेगडीही. इथल्या उकाड्यात टाकी वेगळी तापवावी लागत नाही. आम्हीही फुकटात शिजतो म्हणा! हिने आल्या आल्या खिडकीला पडदा लावला. आमचं तान्हं पिल्लू गेल्यापासून हिने आपणहून केलेलं हे पहिलं काम. मला भरून आलं.

९ एप्रिल
टाकी सांभाळणारे मिस्त्री मला काम शिकवतात. टाकीला ते बाळ म्हणतात. वेळेवर, थोडं थोडं भरवायचं. जास्त झालं की पाणी आंबतं आणि गॅस धरत नाही. आत गुडगुडलं की म्हणायचं, ढेकर दिली. घरी येऊन मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं आणि ही चक्क हसली. हसवायच्या नादात काय बोलून गेलो ते नंतर लक्षात आलं. आमच्या पिल्लूने शेवटी शेवटी दूध तोंडातच घेतलं नव्हतं.

१५ एप्रिल
ही डबा घेऊन येते आणि टाकीच्या भिंतीला कान लावून बसते. मिस्त्री म्हणाले, बसू दे, जीव रमतोय. शेगडीची ज्योत मधेच बारीक झाली की ही म्हणते, त्याला भूक लागली. मी हसण्यावारी नेलं.

२१ एप्रिल
गॅस निम्म्यावर आला. पाणी आंबलंय. कुणीतरी चोरून जास्तीचं भरवतंय. हिच्या नखांत फळांचा गर होता. रागवायला गेलो, पण जमलं नाही.

२३ एप्रिल
मिस्त्रींनी भरवणं बंद केलं. टाकी उपाशी ठेवायची, हाच उपाय. घरी सांगितलं तर हिने माझे पाय धरले.
"याला तरी उपाशी ठेवू नका हो."
मी तरी काय करू? दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

२६ एप्रिल
आता मलाही ऐकू येतं. गुडगुड नव्हे. रडणं. पंप बंद करून पाहिला — तरीही. मिस्त्रींना काहीच ऐकू येत नाही.

२७ एप्रिल
उपाशी ठेवूनही गॅस धरेना, म्हणून टाकी उपसायचं ठरलं. पाणी खाली घेतलं, वरचं झाकण सैल केलं. मिस्त्रींनी बजावलंय, आत हवा खेळेपर्यंत कुणी डोकवायचंही नाही. तिथला एक श्वास माणसाला आडवा करतो. रडणं वाढलंय. ही मात्र शांत. दूध कोमट करत होती. कुणासाठी, हे विचारायचा धीर —

२८ एप्रिल, दुपार
झाकण उघडं. कडेला हिच्या चपला. ही आत.

मिस्त्री प्राणवायूचा मुखवटा आणायला धावलेत. म्हणाले, तू उतरलास तर दोघंही जाल. हाताला काम हवं, नाहीतर उतरेन. म्हणून लिहितोय. लिहितोय.

हाका मारल्या. ही ओ देत नाही.

रडणं थांबलं. कुणीतरी पितंय. घोट घोट —

आमचं पिल्लू बोलायला लागायच्या आधीच गेलं. मग खालून मला बाबा म्हणून कोण —

मिस्त्री अजून लांब आहेत.

हात वर केलेत. इवलेसे. उचलून घ्या म्हणून —

आलो रे राजा, हा बघ, आ