फाटकाबाहेरची गादी

स्वेन्बोर्ग, एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय लिसबेत,

तू लांगेलँड बेटावर गेल्यापासून तुला लिहायला मी बऱ्याचदा बसले आणि दर वेळी हवापाण्यावर आटोपतं घेतलं. आज तसं करणार नाही. तुझी नवी बालवाडी समुद्राच्या इतकी जवळ आहे की मुलांच्या डब्यांत वाळू सापडते, असं माझ्या आस्गरने कुठूनतरी ऐकलंय. मला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण तू इथली नोकरी का सोडलीस हे मी तुला कधी विचारलंच नाही. घराजवळ पडतं म्हणून, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी ते मान्य करून टाकलं. मला ते सोयीचं होतं.

नगरपालिकेतलं माझं काम तेच आहे. दर वर्षी मोजायचं, किती मुलं बालवाडीत आली, किती शाळेत गेली, कितींना आईबापांनी आणखी एक वर्ष बालवाडीतच मागे ठेवलं. मागे राहणाऱ्यांत मुलगेच जास्त. त्यांतही वर्षअखेरीस जन्मलेले, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान ठरणारे, शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतले. यावर मी किती तावातावाने बोलायचे ते तुला आठवत असेल. तुझ्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना मी म्हणाले होते, या लोकांना आपला मुलगा पहिलाच यायला हवा असतो, म्हणून ते त्याला त्याच्यापेक्षा लहान मुलांबरोबर पळवतात. तू दालचिनीचा पाव मोडत म्हणालीस, "मारेन, तुझा एस्किल नोव्हेंबरचा आहे हं." मी म्हणाले, "तो वेळेवर शाळेत जाणार म्हणजे जाणार."

मग आमच्या गल्लीतल्या विल्फ्रेडला मागे ठेवलं. मग समोरच्या जुळ्या भावांना. विल्फ्रेडची आई कुंपणापलीकडून म्हणाली, "बालपण एकदाच मिळतं गं, घाई कशाला?" मी मान डोलावली आणि घरात येऊन खिडकीशी उभी राहिले. मला डोळ्यांसमोर पहिलीच्या वर्गाचा फोटो दिसत होता. एस्किल पुढच्या रांगेत, टोकाला, सगळ्यांत बुटका. पळण्यात मागे, भांडणात खाली. बाकीचे आपापले मुलगे मोठे करून पाठवणार आणि माझाच तेवढा कोवळा जाणार. त्याची बाई म्हणून तुझं मत विचारलं, तर तू सरळ सांगितलंस की तो तयार आहे. बूट स्वतः बांधतो, हरला की रडतो आणि पुन्हा खेळायला बसतो, आणखी काय हवं? तुझं मत बाजूला ठेवून मी त्याला एक वर्ष मागे ठेवायची परवानगी मिळवली. कोणत्या शब्दांनी ती मिळते हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? एस्किलचा बाबा असून आस्गर एवढंच म्हणाला, "आकड्यांवर टीका करता करता तूच एक आकडा झालीस बघ." त्यानंतर तो या विषयावर बोललाच नाही. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

आता गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या शेवटच्या दिवसाबद्दल. तुलाही तो आठवतच असणार. निरोपाच्या रिवाजाप्रमाणे ध्वज लावला होता. फाटकाबाहेर निळी गादी टाकली होती. शाळेत जाणाऱ्या एकेका मुलाचे हात तू धरत होतीस, पाय दुसरी बाई. तीन झोके, मग गादीवर फेकायचं, आणि बालवाडीतून कायमचं बाहेर. मुलं गादीवर पडून खिदळत होती आणि आयांचे डोळे भरून येत होते. यंदा तुला जायचं नाही, असं एस्किलला मी घरी समजावलं होतं. तरीही तो दप्तर पाठीला लावून, चष्मा काढून हातात धरून रांगेत उभा राहिला. विल्फ्रेड मजेत वाळूत खेळत होता. एस्किलची पाळी आली तेव्हा तू खाली बसून म्हणालीस, "राजा, तुला पुढच्या वर्षी." त्याने तुझ्या नडगीवर लाथ मारली. इतक्या सगळ्या आईबापांसमोर. "तू वाईट आहेस," तो म्हणाला आणि पुन्हा तुझा हात धरायला तयार झाला नाही. तू माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "काय झालं गं याला? माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, "दमलाय."

तो दमलेला नव्हता, लिसबेत.

हे वर्ष त्याने कसं काढलं ते मी रोज पाहिलंय. सगळी गाणी पाठ, सगळे खेळ झालेले. लहानांच्या पावसाळी कपड्यांच्या चेनी लावून देतो आणि मग झाडाखाली जाऊन बसतो. सगळ्यांत उंच तो आहे. मला हवं होतं तसं. गेल्या आठवड्यात नव्या बाईंनी विचारलं, या वेळी तुला फेकताना कोणी धरायचं? त्या मला दारात सांगत होत्या, गंमत म्हणून. तो म्हणाला होता, "मला नका फेकू. मी तयार झालोय का ते आधी लिसबेतला विचारा."

मी त्याला सांगितलं होतं, लिसबेत, "तू अजून तयार नाहीस असं लिसबेत म्हणाली." तो रडत होता, का ते विचारत होता, आणि माझं नाव माझ्या तोंडून निघेना. तुझं निघालं. तुझ्यावर त्याचा इतका जीव होता की तो वाद घालणार नाही हे मला ठाऊक होतं. मग फाटकापाशी तू माझ्यासमोर उभी राहून तुझं काय चुकलं ते विचारत होतीस, आणि तेव्हाही मी ते सांगितलं नाही.

रविवारी न्याहारीला मी त्याला खरं सांगितलं. राय धान्याच्या काळ्या पावावर तो लोणी लावत होता. बराच वेळ लावत राहिला. "म्हणजे लिसबेत तसं म्हणाली नव्हती?" नाही, म्हटलं. "तू म्हणालीस." हो. त्याने पाव कडेपर्यंत नीट माखला, आस्गरकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "तिला बोलाव. हात तिनेच धरायचे." म्हणून हे पत्र. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू ठरव. पण महिनाअखेरीला सकाळी येशील का? माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पाय कोणी धरायचे ते त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मी बाहेर गादीपाशी उभी असेन.

तुझीच म्हणवून घ्यायला संकोचणारी,
मारेन