आठवणीच्या गोळ्यांचा गजर

प्रिय ताई,

मश्रूमच्या त्या गोळ्यांची पाचवी बाटली मिळाली. आता हात जोडते, सहावी पाठवू नकोस. फळीवर चहा-साखरेचे डबे ठेवायला जागा राहिली नाही. जिकडे बघावं तिकडे लेबलावरचा तो पांढरी दाढी सोडलेला मश्रूम माझ्याकडे बघत असतो. स्मरणशक्ती वाढते, लक्ष लागतं, डोकं तरतरीत होतं, हे सगळं तुझ्या मैत्रिणीच्या दिराला झालं असेल तर आनंद आहे. मला पहिल्या महिन्यात एवढंच झालं की, गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून मी परत घ्यायचे आणि दिवसभर पोट धरून बसायचे. विसरभोळ्या माणसाला दिवसातून तीन वेळा, तेही उपाशीपोटी, आठवणीने घ्यायचं औषध देणारी तूच एक! नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसून हसून बेजार.

मग तू आलीस आणि माझ्या मोबाइलमध्ये गजर लावून गेलीस. विचारलंस तरी का? त्याचं काय झालं ते तुला अजून सांगितलेलं नाही. तू गेल्यानंतरच्या मंगळवारी अकरा वाजता मी बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर होते. एका शाळेच्या स्मरणिकेच्या वीस प्रती शिवून, चिकटवून तयार होत्या, फक्त कडा कापायच्या राहिल्या होत्या. गठ्ठा नीट ठोकून पात्याखाली सरकवला आणि पर्समध्ये तुझा गजर कोकलायला लागला. मी मान वळवली, गठ्ठा तिरका झाला, आणि माझ्याच दोन्ही हातांनी पातं पाडायची दोन्ही बटणं दाबली. हात बटणांवर होते म्हणून बोटं शाबूत राहिली. पण वीसच्या वीस प्रतींत पानोपानी कडेची अक्षरं उडाली. मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही पुठ्ठ्यांना कापड लावायला बसा." बावीस वर्षं त्या मशीनवर काढली गं मी! तिथल्या सगळ्या जणी माझ्याच हाताखाली शिकल्या. आता त्या कापतात आणि मी कोपऱ्यात खळ लावत बसते.

तुझ्यावर इतकी चिडले की आठवडाभर फोन उचलला नाही. तुला वाटलं, विसरले असेन. विसरले नव्हते, तेवढं मात्र पक्कं लक्षात होतं.

तू गोळ्या का पाठवतेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. शेवटची दोन वर्षं आई आपल्याला विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" तू तिला भरवत बसायचीस, मी दाराआड उभी राहायचे. माझ्या किल्ल्या सापडल्या नाहीत की तुझा चेहरा अजून तेव्हासारखाच होतो. मीही घाबरलेच होते. म्हणून तर गेल्या सोमवारी बाटली पर्समध्ये टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी लेबल वाचलं. म्हणाल्या, थोड्या लोकांवर थोडे अभ्यास झालेत, खात्रीने सांगावं असं काही हाती नाही, तपासण्या होईपर्यंत बंद ठेवा. मग तासभर मला शब्द लक्षात ठेवायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले. माझी आठवण ठीक आहे म्हणे! गोष्ट कानावर पडते तेव्हा माझं लक्षच भलतीकडे असतं, आणि हे आजकालचं नसून लहानपणापासूनचं असावं, असं त्यांना वाटतंय. आईच्या दुखण्याची चिन्हं दिसली नाहीत. मी तिथेच रडले, मूर्खासारखी.

पण पक्कं सांगण्याआधी त्यांना मला सात-आठ वर्षांची असताना पाहिलेलं माणूस हवंय. असं माणूस आता तूच उरलीस. येत्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला त्यांच्या दवाखान्यात ये. आणि खरं सांग. दप्तर वर्गात सोडून मी हात हलवत घरी यायचे आणि ते आणायला तू धावायचीस. माझी अर्धवट गणितं माझ्यासारखं गिचमिड अक्षर काढून पुरी करायचीस. मला मार बसू नये म्हणून माझी हरवलेली छत्री स्वतःच हरवली म्हणून सांगायचीस. चाळीस वर्षं मला पाठीशी घालत आलीस, ताई. गुरुवारी तेवढं पाठीशी घालू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
बारकी