प्रकाशामागे जाणारी गाडी

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. गास गावातल्या तुमच्या घरातली ती दुपार मात्र मला अजून कुणाला नीट सांगता आलेली नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. ज्या शाळेत तुम्ही मला विज्ञान शिकवलंत तिथेच मी शिकवायला लागले, तोवर काचबिंदूने तुमची नोकरी सुटली होती. माणसं तुम्हाला सावल्यांसारखी दिसायची, अक्षरं तर नाहीतच. रविवारी मी सायकलने यायचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यातच तो यंत्रमानव निघाला. हातपाय नसलेला, चाकांवरच्या गाडीसारखा, टॉर्चच्या उजेडामागे आपणहून वळत जाणारा. तुम्ही मला पुढे वाचूच दिलं नाहीत. म्हणालात, "हा आपण करू. मला उजेड कळतोय तोवर."

जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी, मोटरसायकलची बॅटरी आणि सगळ्यांना हुकूम सोडणारा तळहाताएवढा सर्किट बोर्ड. तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायचं काम माझं. कुठली तार कुठे जाते ते तुमच्या डोक्यात. गाडी जवळजवळ झाली होती. त्या दुपारी बॅटरी जोडलेली असतानाच मी एक सैल स्क्रू आवळायला गेले. स्क्रूड्रायव्हर निसटून बोर्डावर आडवा पडला, ठिणगी उडाली, धूर आला. तुम्ही रागावला नाहीत. आधी बॅटरी सोडव आणि मग हात बाजूला ठेवून बस, एवढंच सांगितलंत. बोर्ड नव्याने करायचा तर महिने जाणार होते, आणि तुमचे डोळे तेवढे थांबतील याची खात्री दोघींनाही नव्हती.

तुम्ही बोर्ड हातात घेता. नाकाशी नेता. झाडावरचा चिकू तयार झालाय का बघावं तशी बोटं एकेका भागावरून फिरवता. एका जागी थांबता. "इथे फोड आलाय." डाव्या मोटारीचा ट्रान्झिस्टर. शेजारची तांब्याची पट्टीही उचकटलेली. मी मीटर लावते, तेव्हा तुम्ही म्हणता, "डावी बाजू उजवीशी ताडून बघ. काय बिघडलंय ते चांगली बाजूच सांगेल." फोड आलेल्या ट्रान्झिस्टरवर मीटरच्या तारा कशाही धरल्या तरी काटा टोकाला पळतो, म्हणजे तो जळलाच आहे. मग मी एकेक जागा तपासत जाते आणि प्रत्येक ठिकाणी डावं-उजवं जुळतं. एवढ्या ठिणगीतून बाकीचं सगळं वाचलं आहे. मी पुन्हा मोजते, कारण विश्वास बसत नाही.

सुटे भाग ठेवायच्या पावडरच्या डब्यातला दुसरा ट्रान्झिस्टर बसवला, तुटलेल्या पट्टीवर तार जोडली. तुम्ही बॅटरीच्या वाटेत टॉर्चचा छोटा बल्ब लावायला सांगितलात. आत अजून शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटेल. मी तारा जोडल्या. "पेटला का?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हटलं, आणि तुम्ही हलकेच हसलात. न पेटलेल्या दिव्याचा एवढा आनंद मला परत कधी झाला नाही.

मग बल्ब काढून गाडी जमिनीवर ठेवली, दारं-खिडक्या लावल्या. पडवीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही खाली बसून टॉर्च धरलात. गाडी घुरघुरली, जरा अडखळली आणि निघाली. तुम्ही टॉर्च डावीकडे नेलात, आवाज डावीकडे वळला. उजवीकडे नेलात, तशी तीही उजवीकडे. आपल्याच हातचा पत्रा आणि तारा, तरी माझ्या अंगावर काटा आला. तिची चाकं तुमच्या पावलाला टेकली तेव्हा तुम्ही टॉर्च विझवून तिच्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आली गं."

हे कागद कुठे जाणार नाहीत हे मला कळतं. माझे विद्यार्थी विचारतात, गाडी शेवटचं वळण कशी घेत होती, थबकत की सरळ. मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे बाई, मी ते पाहिलंच नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते.