बरणीतले नॉर्मल केस

२ मार्च
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. क्वार्टर हवेशीर, नळाला दिवसभर पाणी, खिडकीसमोर तळं. धाकटी बहीण सोबत आहे. म्हणाली, ताई, लोक या वयात काठी घेतात, तू नोकरी घेतलीस. हसू आलं.

४ मार्च
काम नेटकं आहे. गावातल्या लोकांचे केस तपासायचे. लेसरचा झोत केसावर बारीक खड्डे पाडतो, उडालेली वाफ यंत्रात जाते आणि त्यात कोणते धातू आहेत ते यंत्र सांगतं. केस हळूहळू वाढतो, त्यामुळे टोकाला जुने दिवस, मुळाशी ताजे. तुलना कपाटातल्या बरणीतल्या ‘नॉर्मल’ केसांशी करायची. आजवर एकही नमुना बिघडलेला निघाला नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांना याचा फार अभिमान.

१० एप्रिल
माप स्वतः तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. माझ्याच वेणीतला लांब केस यंत्राला लावला. सगळा स्वच्छ, फक्त मुळाशी, इथे आल्यानंतरच्या भागात, थॅलियम. जहाल विष. मग बरणीतला केस लावला. टोकापासून मुळापर्यंत थॅलियम, माझ्या कितीतरी पट.

११ एप्रिल
साहेब चहा ढवळत म्हणाले, अहो बाई, तळ्याचं पाणी सगळेच पितात, सगळ्यांच्याच केसांत ते असतं; म्हणून तर त्याला नॉर्मल म्हणायचं. निकालांवर डोळे मिटून सही करा.
सही केली नाही. पिण्याचं पाणी बाहेरून मागवलं; स्वयंपाकाला मात्र नळच.

१३ एप्रिल
धाकटीच्या कंगव्यात केसांचा पुंजका. तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात म्हणते. शहरातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी तपासणीचा निकाल पाठवा. निकाल देणारी प्रयोगशाळा एकच — आमची.

१७ एप्रिल
तिचा केस साहेबांनी स्वतः तपासला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मग मनाचे खेळ असतील. तिला उभं राहवत नाही. गाडी सांगितली होती, पण माझेही पाय —

२२ एप्रिल
धाकटी गेली. दाखल्यावर लिहिलंय, कारण नैसर्गिक.

२९ एप्रिल
डोक्यावर थोडेच केस उरलेत. त्यातला एक लावला. मुळाशी आकडा बरणीएवढाच. साहेबांनी अभिनंदन केलं — म्हणाले, आता तुम्ही इथल्याच झालात. बरणी तळाला गेलीय, तुमचे द्या.
नाही म्हणायचं होतं. जीभ वळेना.
कात्री आणायला गेलेत. तेवढ्यात लिहून ठेवते — कुणी वाचत असाल तर पाणी —