एकाच आघातापुरतं

प्रिय चिमणे,

फोनवर आपण दोघीही 'जेवलीस का, झोप लागते का' यापलीकडे जात नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. वर्गात फळ्यापुढे उभी राहिले की मला सुचतं, तसंच लिहितानाही सुचतं.

रविवारचा दुचाकीवर्ग मी काल बंद केला. सवयीने शाळेच्या पटांगणावर खडूची रेघ आखली, उलट्या कुंड्या मांडल्या आणि छत्री उघडून बसून राहिले. कुणीही आलं नाही. दूधवाले काका तेवढे कोपरात हेल्मेट अडकवून जाताना दिसले. पूर्वी तुझा नवरा त्यांना ओरडून विचारायचा, "काका, मेंदू कोपरात असतो का हो?" आणि ते हसत हसत हेल्मेट डोक्यावर चढवायचे. काल तोच विनोद मी केला. काका थांबले, खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुमच्या लेकाने घातलं होतं की."

जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, चिमणे. या वाक्याला माझ्याजवळ अचूक उत्तर आहे. ट्रकचं चाक छातीवरून गेलं. डोकं आधी रस्त्यावर आपटलं, तरी त्याला खरचटलंसुद्धा नाही. हेल्मेटने आपलं काम चोख केलं. पण हे उत्तर आईने चारचौघांत कोणत्या तोंडाने द्यायचं? आता सारं गाव तेच म्हणतं. एका मरणाने माझे इतक्या वर्षांचे धडे पुसून टाकले.

कुंड्या उचलताना तुझा पहिला रविवार आठवला. केस बसतात म्हणून हेल्मेट नको, असं तू मला ठणकावून सांगितलं होतंस. मग आपली संथ शर्यत झाली. पाय न टेकता जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकणार, कारण वेग कुणालाही जमतो, तोल शिकावा लागतो. तू आणि तो शेजारीशेजारी इतके रेंगाळलात, की बाकीची मंडळी कंटाळून घरी गेली. मी मात्र छत्रीखाली बसून होते. सासू होण्याची माझी तयारी तिथेच सुरू झाली.

त्याच दिवशी तुम्हाला थर्माकोलचा तुकडा दाखवला होता, आठवतो? स्पंज दाबला तर पुन्हा फुगतो. थर्माकोल दबलं की दबलेलंच राहतं, कारण आघाताचा जोर ते स्वतःत जिरवून घेतं आणि मोडून जातं. हेल्मेटच्या आत तसलंच अस्तर असतं. वरचं कवच चकचकीत दिसलं, तरी एकदा आपटलेलं हेल्मेट आतून संपलेलं असतं. तू तेव्हा म्हणाली होतीस, "म्हणजे ते आपल्यासाठी मरतं!" वर्गाला इतकं नेमकं मला कधीच सांगता आलं नव्हतं.

परवा बँकेच्या चौकात मी बसच्या खिडकीशी बसले होते. सिग्नलला पुढे तुझी गाडी थांबली. तुझ्या डोक्यावर त्याचं निळं हेल्मेट होतं, मागे ओरखडा असलेलं. काच उघडेना, आणि दिवा हिरवा झाला. ते का घालतेस, हे मला विचारायला नको. मीही त्याचा न धुतलेला सदरा उशाशी घेऊन झोपते. सोबतच्या खोक्यात नवं हेल्मेट आहे. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं मावतील इतकाच सैल ठेव. निळं माझ्याकडे पाठव, मी सदऱ्याशेजारी ठेवीन. माझं ऐकणारं आता कुणी उरलं नाही, तू तरी ऐक. दुसरा आघात झेलण्याची ताकद त्या हेल्मेटमध्ये नाही. माझ्यातही नाही.

तुझीच, आणि आता तुझ्याएवढीच उरलेली,
आई